एकच फ्लॉपी, दोन यंत्रं: अटारी एसटी आणि डॉस पीसी यांच्यात डिस्क आणि कार्ड सामायिक वापरायची रीत

जुनी यंत्रं जमवणाऱ्याकडे कधी ना कधी दुसरं यंत्र येतंच, आणि मग प्रश्न पडतो की याच्यावरची फाइल त्याच्यावर न्यायची कशी. प्रत्येक जोडीचं उत्तर वेगळं असतं. कमोडोर ६४ ची १५४१ ड्राइव्ह वेगळ्याच एन्कोडिंगने लिहिते, त्यामुळे तिची फ्लॉपी पीसीला कळत नाही. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी बाहेरून अगदी पीसीच्या फ्लॉपीसारखी दिसते, पण पीसीच्या कंट्रोलरला ती वाचताच येत नाही. अटारी एसटी हा जुना घरगुती संगणक आणि डॉसवर चालणारा ३८६ किंवा ४८६ पीसी, या जोडीचं मात्र बरंच जमतं. म्हणून हा लेख फक्त या दोघांपुरता आहे.

जमतं त्याला कारण आहे. १९८५ साली एसटी बाजारात आली तेव्हा तिच्या टॉस या प्रणालीतला फाइली सांभाळणारा भाग, म्हणजे जेमडॉस, डिजिटल रिसर्चकडून आला होता. त्यात फॅट १२, म्हणजे फाइली चकतीवर कुठे आहेत याचं कोष्टक (फॅट) ठेवायची मायक्रोसॉफ्टच्या डॉसचीच मांडणी, वापरली होती. साडेतीन इंची फ्लॉपी, दोन बाजू, ८० ट्रॅक, ट्रॅकला ९ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की ७२० केबी. पीसीची ७२० केबीची फ्लॉपी हुबेहूब अशीच असते. फाइलीच्या नावाची आठ अधिक तीन अक्षरांची मर्यादाही तीच. एसटीत मोटोरोलाचा ६८००० आणि पीसीत इंटेलचा प्रोसेसर, त्यामुळे एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालण्याचा प्रश्नच येत नाही. पण मजकूर, संगीताच्या मिडी फाइली, चित्रं, झिप असा सगळा ऐवज बिनदिक्कत इकडून तिकडे जातो.

एक गोष्ट मात्र आत्ताच मनाशी पक्की करा. नुसतं वाचायचं असेल तोवर ही जोडी फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो दोन्ही यंत्रं एकाच फ्लॉपीवर लिहायला लागली की. फाइली गेल्या, डिरेक्टरीत कचरा आला, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांच्या मुळाशी फार वेळा बूट सेक्टरमधले, म्हणजे फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमधले, तीन बाइट असतात. या लेखाचा सगळ्यात मोठा भाग त्या तीन बाइटांवर आहे.

आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. पीसीवर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि साधे आकडे वापरायचे.

आधी काय हाताशी हवं

एसटीची ड्राइव्ह दोन बाजू वाचणारी हवी. १०४० एसटीएफ, मेगा एसटी आणि एसटीई यांत ती असतेच. सुरुवातीच्या ५२० एसटीसोबत एसएफ३५४ नावाची बाहेरची ड्राइव्ह यायची, ती एकच बाजू वाचते आणि तिच्यावर ३६० केबीच मावतं. तुमच्याकडे ती असेल तर एसएफ३१४ शोधा किंवा आतली ड्राइव्ह बदलून घ्या. एकबाजू फ्लॉपीवर पीसीशी व्यवहार करण्यात वेळ घालवू नका.

टॉसची आवृत्ती कोणती तेही बघून ठेवा. डेस्कटॉपच्या पहिल्या मेनूतली माहितीची खिडकी उघडा. रंगीत मॉनिटरवर अटारीचं चिन्ह इंद्रधनुष्याच्या रंगांत झळकलं तर टॉस १.०४ किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे. १.०४ ही १९८९ सालची, आणि पीसीशी जुळवून घेण्याच्या बाबतीत ती आधीच्या १.०० आणि १.०२ पेक्षा बरीच शहाणी आहे.

पीसीवर एमएस-डॉस ५ किंवा ६.२२ असलं की झालं. साडेतीन इंची ७२० केबी फ्लॉपी डॉस ३.२ पासून चालते, पण ५ आणि ६.२२ मध्ये फॉरमॅटची आज्ञा सुटसुटीत आहे आणि डीबग हा सेक्टरमधले बाइट बघायचा-बदलायचा प्रोग्राम सोबत मिळतो. तो आपल्याला लागणारच आहे.

आता फ्लॉपी. इथे काटकसर करू नका. आपल्याला हवी ती डबल डेन्सिटी, म्हणजे डीडी फ्लॉपी. तिला एकाच कोपऱ्यात भोक असतं, राइट-प्रोटेक्टच्या सरकत्या खिट्टीचं. दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतील तर ती एचडी, १.४४ एमबीवाली. एसटीची ड्राइव्ह त्या दुसऱ्या भोकाकडे बघतच नाही. ती एचडी फ्लॉपीही निमूटपणे ७२० केबीला फॉरमॅट करते, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पीसीची ड्राइव्ह मात्र भोक दिसताच १.४४ च्या वेगाने वाचायला जाते आणि वाचता येत नाही म्हणून सांगते. भोकावर चिकटपट्टी लावली की पीसीही तिला डीडी समजतो, आणि बरेच लोक हेच करतात. पण एचडीचा लेप वेगळा असतो, त्याला लिहिताना जास्त जोराचं चुंबकीय क्षेत्र लागतं. डीडीच्या बेताने लिहिलेलं त्यावर किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो. आज लिहून आजच दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायचं असेल तर चिकटपट्टी चालेल. जपून ठेवायची फ्लॉपी तशी करू नये.

बुरशी

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात फ्लॉप्या कपाटात पडून राहिल्या असतील तर हा भाग वगळू नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने चकतीवर बुरशी येते. फ्लॉपीचं धातूचं शटर बोटाने सरकवा, मागच्या बाजूच्या धातूच्या गोलाला बोट लावून चकती हळूहळू फिरवा आणि उजेडात तिरकी धरून बघा. पृष्ठभाग एकसारखा, काळपट-तपकिरी आणि चकचकीत हवा. पांढुरके ठिपके, धूसर पट्टे किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला चिकटते, हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीचा लेप खरवडतं, आणि एका खराब फ्लॉपीपायी सगळा गठ्ठा वाया जातो.

दोन्ही यंत्रांच्या ड्राइव्हची हेडं सुरुवातीला एकदा स्वच्छ करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, शक्यतो ९९ टक्के शुद्धतेचं, आणि अलगद पुसा. वरचं हेड नाजूक पात्यावर टांगलेलं असतं. ते वर ओढायचं नाही, फार तर केसभर उचलून खालून काडी फिरवायची. पाच मिनिटं वाळू द्या.

फॉरमॅट कुणी करायचं

माझं मत स्पष्ट आहे: फॉरमॅट पीसीवर करावं. जुन्या टॉसने, म्हणजे १.०० किंवा १.०२ ने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरच्या सुरुवातीला पीसीला अपेक्षित असलेले जंपचे बाइट नसतात. डॉस ते शोधतं, सापडले नाहीत की पुष्कळदा फ्लॉपीच नाकारतं. १.०४ पासून टॉस ते बाइट नीट लिहितं, त्यामुळे तिथे एसटीवर फॉरमॅट केलं तरी चालतं. पण पीसीवर केलेलं फॉरमॅट एसटी बहुतेक बिनतक्रार वाचते, टॉस कुठलंही असो. ज्या यंत्राच्या अटी कडक, त्याच्याकडून फ्लॉपी तयार करून घ्यावी.

डॉसच्या प्रॉम्प्टवर:

फॉरमॅट ए: /एफ:७२० /यू

एफ म्हणजे आकार. यू दिलं की डॉस जुन्या फॉरमॅटची नोंद न ठेवता चकती खरोखर नव्याने आखतं. जुन्या फ्लॉपीला हेच हवं. फॉरमॅटच्या शेवटी खराब सेक्टर दाखवले तर ती फ्लॉपी बाजूला ठेवा. डॉस ते सेक्टर वगळून चालेल, एसटीही वगळेल, पण एकदा लेप सुटायला लागला की तो तिथेच थांबत नाही.

पुढे कधी नवा संगणक आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह वापरायची वेळ आली तर एवढं ध्यानात असू द्या: अशा ड्राइव्हपैकी अनेक ७२० केबी वाचतात, लिहितातही, पण ७२० केबीला फॉरमॅट करू शकत नाहीत. जुना पीसी हाताशी आहे तोवर फॉरमॅटचं काम त्याच्याचकडे ठेवा.

एसटीवर आणखी एक मोह होतो. तिथले फॉरमॅट करणारे प्रोग्राम ट्रॅकला १० सेक्टर आणि ८२ ट्रॅक करून ८०० केबीच्या वर जागा काढून देतात. एसटीपुरतं ते छान आहे. पीसीला द्यायच्या फ्लॉपीवर ते नको.

ते तीन बाइट

पीसीला फ्लॉपी बदलल्याचं कळतं ते ड्राइव्हच्या ३४ क्रमांकाच्या तारेवरून. फ्लॉपी काढली की त्या तारेवर खूण होते. एसटीत अशी सोय वापरलेली नाही. ती राइट-प्रोटेक्टच्या तारेवर नजर ठेवते: फ्लॉपी आत-बाहेर होताना ती तार क्षणभर बदलते. तेवढ्यावरून एसटीला संशय येतो की फ्लॉपी बदलली असावी. मग पुढच्या कामाच्या वेळी ती बूट सेक्टर वाचते आणि त्यातला आठव्या बाइटपासूनचा (मोजणी शून्यापासून) तीन बाइटांचा अनुक्रमांक आधीच्या फ्लॉपीच्या अनुक्रमांकाशी ताडून बघते. वेगळा असेल तर नवी फ्लॉपी. तोच असेल तर जुनीच, आणि मग मेमरीत आधीपासून असलेली फॅट आणि डिरेक्टरी ती तशीच वापरत राहते.

आता पीसीने त्याच जागी काय लिहिलेलं असतं ते बघा. डॉसच्या बूट सेक्टरमध्ये तिसऱ्या बाइटपासून आठ अक्षरांत प्रणालीचं नाव असतं: एम, एस, डी, ओ, एस, मग ५, टिंब, ०. आठव्या, नवव्या आणि दहाव्या जागी येतात नेमके ‘५.०’. म्हणजे डॉस ५ किंवा ६.२२ वर फॉरमॅट केलेल्या तुमच्या सगळ्या फ्लॉप्यांचा अनुक्रमांक एसटीच्या लेखी एकच.

एक फ्लॉपी उघडली, फाइल कॉपी केली, दुसरी घातली, तिच्यावर लिहिलं. एसटीला वाटतं पहिलीच आहे. ती पहिल्या फ्लॉपीची फॅट दुसरीवर लिहून मोकळी होते. दुसरीवरचा मजकूर चकतीवर शाबूत असतो, पण तो कुठे आहे हे सांगणारी नोंद गेलेली असते. फ्लॉपी जुनी झाली म्हणून बिघडली असं समजून माणूस ती टाकून देतो.

उपाय सोपा आहे. फॉरमॅट केल्यावर लगेच, एकही फाइल घालण्याआधी, प्रत्येक फ्लॉपीला वेगळा अनुक्रमांक द्यायचा. फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये ठेवून डॉसवर डीबग सुरू करा. एक नुसती आडवी रेघ दिसेल, तोच त्याचा प्रॉम्प्ट. मग:

एल १०० ० ० १

पहिले १०० म्हणजे मेमरीतला पत्ता, पुढचं ० म्हणजे ए ड्राइव्ह, त्यापुढचं ० म्हणजे पहिला सेक्टर, आणि १ म्हणजे एकच सेक्टर. इथे ड्राइव्हच्या जागी चुकून २ टाकलं तर ती सी ड्राइव्ह, म्हणजे तुमची हार्ड डिस्क होते. वाचताना बिघडणार नाही, पण लिहिताना बिघडेल. प्रत्येक ओळ एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा.

डी १०० ११एफ

पडद्यावर सोळाच्या पायावरच्या (हेक्स) आकड्यांच्या दोन ओळी येतील. पहिल्या ओळीत साधारण ईबी ३सी ९० पासून सुरुवात, मग ४डी ५३ ४४ ४एफ ५३, मग मधली छोटी रेघ, आणि रेघेच्या लगेच पुढे ३५ २ई ३०. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात एमएसडॉस५.० असं वाचता येईल. रेघेपुढचे ते तीन बाइट म्हणजेच एसटीचा अनुक्रमांक. दुसऱ्या ओळीत सहाव्या जागी (इथे मोजणी एकपासून) एफ९ दिसलं की ७२० केबीचं फॉरमॅट बरोबर झालंय याचीही खात्री पटते.

ई १०८ ०० ०० १७

शेवटचे तीन आकडे तुमच्या मर्जीचे. मी फ्लॉपीच्या लेबलवर लिहिलेला क्रमांकच इथे घालतो: लेबलवर १७ तर इथे ०० ०० १७. त्यामुळे दोन फ्लॉप्यांचा अनुक्रमांक चुकून सारखा व्हायची भीती राहत नाही. पुन्हा डी १०० ११एफ देऊन फक्त तेच तीन बाइट बदललेत ना ते बघा. मग:

डब्ल्यू १०० ० ० १
क्यू

बाहेर आल्यावर डिर ए: देऊन डॉस फ्लॉपी नीट उघडतंय का ते तपासा. उघडतं.

डॉसची व्हॉल आज्ञा जो क्रमांक दाखवते तो हा नव्हे. तो बूट सेक्टरमध्ये पुढे वेगळ्या जागी असतो, फॉरमॅटच्या वेळी आपोआप वेगळा पडतो, आणि एसटी त्याच्याकडे बघत नाही. तो वेगळा दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका.

केलेलं काम दोन प्रकारे पुसलं जातं. पहिला प्रकार विंडोज ९५ आणि ९८. फ्लॉपी नुसती उघडली तरी ही विंडोज त्याच आठ अक्षरांच्या जागी स्वतःची खूण लिहिते: पाच अक्षरं काहीही, आणि शेवटची तीन कायम आय, एच, सी. ती तीन पडतात नेमकी आपल्या अनुक्रमांकाच्या जागी, म्हणजे पुन्हा सगळ्या फ्लॉप्या एकसारख्या. अशा मशीनवर फ्लॉपी घालण्याआधी राइट-प्रोटेक्टची खिट्टी सरकवून भोक उघडं करा. तिथून फाइल घ्यायची असेल तर डॉसमध्ये जाऊन घ्या.

दुसरा प्रकार डिस्ककॉपी. ती अख्खी चकती उतरवते, त्यात हे तीन बाइटही आले. डिस्ककॉपी केल्यावर नव्या फ्लॉपीचा अनुक्रमांक बदलायला विसरू नका.

रोजचा व्यवहार

दिवा चालू असताना फ्लॉपी काढायची नाही, हे दोन्ही यंत्रांना लागू. एसटीवर फ्लॉपी बदलल्यावर उघड्या खिडकीत जुनीच यादी दिसत राहते. एस्केप दाबा, म्हणजे यादी नव्याने वाचली जाते. अनुक्रमांक वेगळे असले तरी ही सवय लावून घ्यावी. मी तर फ्लॉपी बदलण्याआधी खिडकी बंदच करतो.

५२० आणि १०४० एसटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, मेगामध्ये असतं. घड्याळ नसलेल्या यंत्रावर लिहिलेल्या फाइलींवर भलतीच तारीख पडते, आणि मग पीसीवर नवी प्रत कोणती, जुनी कोणती, हे ठरवता येत नाही. काम सुरू करताना कंट्रोल पॅनेलमध्ये तारीख-वेळ घाला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नावांत इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेखा एवढंच वापरा. मजकुराच्या फाइलींमध्ये ओळीच्या शेवटी दोन्हीकडे तेच दोन बाइट येतात, त्यामुळे साधा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उघडतो. मराठी मजकुराचं तसं नाही. डॉसवर सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने किंवा इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावर चालणाऱ्या प्रोग्रामने लिहिलेली फाइल एसटीवर बाइट न् बाइट शाबूत जाते, पण उघडली की पडद्यावर युरोपीय अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण वरचे १२८ संकेत एसटीने वेगळ्या अक्षरांना दिले आहेत. फाइल बिघडलेली नसते. ती एसटीच्या एडिटरमधून सेव्ह मात्र करू नका. एसटी ही अशा फाइलींची नुसती कोठी समजा.

संगीताच्या फाइली नेणाऱ्यांनी सीक्वेन्सरच्या, म्हणजे संगीत नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्वतःच्या स्वरूपात नेऊ नये. एसटीवरच्या क्युबेसमधून गाणं मिडी फाइल म्हणून काढा. ती पीसीवरचा कुठलाही सीक्वेन्सर घेतो. स्वर आणि त्यांची वेळ शाबूत राहते. खास त्या प्रोग्रामपुरत्या मांडण्या तेवढ्या जातात.

महत्त्वाचं असेल ते झिप करून न्या. झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा सीआरसी हा तपासणीचा आकडा असतो, म्हणजे पलीकडे उघडताना एक बाइट जरी बदलला असला तरी कळतं. डॉसवर पीकेझिप आणि एसटीवर एसटीझिप ही जोडी चालते. पीसीवर तपासणीसाठी पीकेअनझिप -टी दिलं की फाइली न उतरवता सगळं ताडून होतं.

गोटेक

फ्लॉप्या मिळेनाशा झाल्यावर बरेच जण ड्राइव्हच्या जागी गोटेक हे पेनड्राइव्हवरून फ्लॉपीचं काम करणारं उपकरण बसवतात आणि त्यात कीर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घालतात. पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या प्रतिमा-फाइली ठेवायच्या आणि बटणाने निवडायच्या. एसटीची एसटी एक्स्टेन्शनची प्रतिमा म्हणजे सेक्टरांची सरळ नक्कल: ७,३७,२८० बाइट. पीसीच्या ७२० केबीच्या आयएमजी फाइलीतही नेमकं तेच असतं. एक्स्टेन्शन बदललं की एकाची प्रतिमा दुसऱ्याला चालते.

इथेही तीन बाइटांचा नियम सुटत नाही. एकच कोरी प्रतिमा वीस वेळा कॉपी केली तर वीसही फ्लॉप्यांचा अनुक्रमांक तोच. नव्या संगणकावर हेक्स एडिटरने प्रत्येक प्रतिमेचा आठवा, नववा आणि दहावा बाइट बदला. मोजणी शून्यापासून.

दोन्ही यंत्रांत गोटेक असेल तर एफएफ.सीएफजी या फाइलीतली इंटरफेसची ओळ वेगळी लागते: एसटीसाठी शुगार्ट, पीसीसाठी आयबीएमपीसी. ती फाइल पेनड्राइव्हवर असल्याने एकच पेनड्राइव्ह फिरवला की चुकीच्या यंत्रात चुकीची ओळ जाते. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पेनड्राइव्ह द्या आणि प्रतिमा-फाइलींचीच देवाणघेवाण करा.

मोठा ऐवज: कार्ड

७२० केबीत भागत नसेल तर एसटीच्या हार्ड डिस्कच्या पोर्टला, म्हणजे एसीएसआयला, अल्ट्रासाटनसारखं एसडी कार्डचं उपकरण लावता येतं. पीसीला एसडी-आयडीई अडॅप्टर मागच्या पट्टीवर बसवला की कार्ड बाहेरून घालता-काढता येतं. कागदावर सोपं दिसतं, पण हार्ड डिस्कच्या बाबतीत दोन्ही यंत्रांची भाऊबंदकी फ्लॉपीइतकी जवळची नाही.

अटारीचं पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या भागांचं, कोष्टक वेगळं. ते पहिल्याच सेक्टरमध्ये असतं, पण डॉसच्या कोष्टकाच्या जागी नाही, आणि त्यातले आकडे मोटोरोलाच्या क्रमाने, मोठा बाइट आधी असे लिहिलेले असतात. अटारी पद्धतीचं कार्ड पीसीला कोरंच दिसतं. नवी विंडोज तर फॉरमॅट करू का म्हणून विचारते. नाही म्हणा.

दुसरा फरक क्लस्टरचा, म्हणजे फाइलीला एकगठ्ठा दिल्या जाणाऱ्या सेक्टरांच्या गटाचा. टॉसला एका क्लस्टरमध्ये नेमके दोनच सेक्टर हवे असतात. पार्टिशन मोठं झालं की टॉस सेक्टरच मोठा धरतं: १०२४, २०४८, अगदी ८१९२ बाइटपर्यंत. डॉस उलट करतं. सेक्टर कायम ५१२ चा ठेवून क्लस्टरमधली सेक्टरांची संख्या वाढवतं. म्हणूनच डॉसने फॉरमॅट केलेलं ३० एमबीचं छोटं पार्टिशनसुद्धा टॉसला जसंच्या तसं पचत नाही, कारण डॉसने तिथे क्लस्टरमध्ये चार सेक्टर धरलेले असतात.

यातून वाट काढून देतो तो एसटीवरचा हार्ड डिस्क ड्रायव्हर. उवे झाइमेट यांचा एचडीड्रायव्हर डॉसशी जुळणारी पार्टिशनं करू शकतो: कोष्टक डॉसच्या पद्धतीचं, आणि पार्टिशनची ओळख दोन्ही यंत्रांना आपापल्या हिशोबात पटेल अशी दुहेरी लिहिलेली. मांडणी अशी ठेवा:

अल्ट्रासाटनमध्ये कार्डाच्या दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत शुद्ध अटारी पद्धतीचं कार्ड, त्यावर ड्रायव्हर आणि एसटीचे प्रोग्राम. एसटी याच्यावरूनच सुरू होते. हे कार्ड तिथून कधीच हलवायचं नाही. दुसऱ्या खाचेत फिरतं कार्ड, डॉसशी जुळणाऱ्या पार्टिशनचं, फक्त फाइली ने-आण करायला. पीसीची स्वतःची हार्ड डिस्क वेगळी राहील आणि फिरतं कार्ड तिथे दुसरी डिस्क म्हणून लागेल. दोघांनी एकाच कार्डावरून सुरू व्हायचा हट्ट धरू नये. ते करता येत असलं तरी एकाची चूक दुसऱ्यालाही बंद पाडते.

फिरतं कार्ड एसटीवर एचडीड्रायव्हरने तयार करा. एकच पार्टिशन करा आणि ते लहान ठेवा. टॉस १.०४ आणि त्यापुढे ३२ एमबीच्या जरा आत, त्याआधीच्या टॉसवर १६ एमबीच्या आत. या आकारात सेक्टर दोन्हीकडे ५१२ बाइटचाच राहतो, दुहेरी हिशोबाची वेळच येत नाही, आणि क्लस्टरमध्ये दोन सेक्टर असले तरी डॉसला चालतं, कारण ते बूट सेक्टरमध्ये लिहिलेली संख्या मानतं. ३२ एमबी म्हणजे पंचेचाळीसेक फ्लॉप्या. एवढ्या जुन्या यंत्रांना फिरत्या कार्डावर याहून जास्त क्वचितच लागतं.

४८६ च्या बायोसला, म्हणजे पीसी सुरू होताना चालणाऱ्या पायाभूत प्रोग्रामला, कार्ड ओळखताना अडचण येऊ शकते. अनेक जुन्या बायोसना १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबीच्या पलीकडचं दिसत नाही. आपलं पार्टिशन कार्डाच्या अगदी सुरुवातीला आणि लहान असल्याने बायोसमध्ये हाताने एवढेच आकडे भरून काम भागतं. बायोसने आपोआप काहीतरी वेगळीच भूमिती (हे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे) धरली आणि डॉसला पार्टिशन वेडंवाकडं दिसलं, तर काहीही लिहू नका. आधी भूमिती जुळवा.

कार्ड घालताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद हवीत. फिरत्या कार्डावर डॉसचं स्कॅनडिस्क किंवा डीफ्रॅग चालवू नका. ते डॉसच्या समजुतीप्रमाणे दुरुस्त्या करतात, आणि एसटीची समजूत थोडी वेगळी आहे. नव्या संगणकावरून कार्डात फाइल टाकायची असेल तर नाव आधीच आठ अधिक तीन अक्षरांचं, कॅपिटलमध्ये ठेवा. लांब नाव दिलं की डिरेक्टरीत जास्तीच्या नोंदी पडतात. एसटीवर ती फाइल पुसली तरी त्या नोंदी तशाच मागे राहतात.

काही १०४० एसटीईमधल्या डीएमए चिपची, म्हणजे डिस्क आणि मेमरी यांच्यात बाइट ने-आण करणाऱ्या चिपची, एक आवृत्ती सदोष आहे. तिच्यामुळे हार्ड डिस्कवर लिहिताना मधूनच बाइट बिघडतात आणि यंत्र त्याबद्दल काहीच बोलत नाही. तुमची एसटीई त्यातली आहे का, हे कार्डावर विसंबण्याआधी कळायला हवं. पीसीवर काही एमबीची एक झिप करून फिरत्या कार्डावर ठेवा. एसटीईवर तिची कार्डातल्या कार्डातच वेगळ्या नावाने प्रत करा, त्या प्रतीची प्रत करा, असं पाच-सहा वेळा. मग कार्ड पीसीत घालून शेवटची प्रत पीकेअनझिप -टी ने तपासा, आणि एफसी /बी ने मूळ फाइलीशी ताडून बघा. फरक शून्य आला तर कार्ड वापरायला लागा. फरक आला तर आधी केबल आखूड करून आणि दुसरं कार्ड घालून हीच तपासणी पुन्हा करा. तरीही फरक येत राहिला तर डीएमए चिप बदलून होईपर्यंत त्या एसटीईला हार्ड डिस्कवर लिहू देऊ नका. तिचा फ्लॉपीवरचा व्यवहार चालू राहू द्या, आणि झिप केल्याशिवाय काही हलवू नका.